त्या कोपऱ्यातल्या मशीनवर मलाच का, मामा?

मामा,

तुम्ही इतवारी सांगतो म्हणालात आणि शुक्रवारी गेलात. मला हे बरोबर वाटत नाही. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, हे मला कळतं. बाबांना कळलं तर ते रागावतील. पण तुमच्याबद्दल माझ्या मनात एक संशय होता आणि तो तुमच्याबरोबर गेला नाही. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, मामीने ओट्यावरची तुमची खुर्ची आत ओढून घेतली. संशय मात्र अजून ओट्यावर बसून आहे.

लोक तुमच्याविषयी चांगलंच बोलले. कचेरीतले साहेब स्वतः येऊन गेले. म्हणाले, नक्कल खात्यात इतकी वर्षं काम केलं, पण गणपतरावांच्या कागदात चूक सापडली नाही. मूळ कागदात चूक असली तर तीसुद्धा नकलेत जशीच्या तशी उतरायची. सगळे हळहळले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता. ज्याची सगळी हयात इंग्रजी मशीनवर गेली, ज्याच्या घरात इंग्रजी टायपिंगच्या जोरावर चूल पेटली, त्या माणसाने सख्ख्या भाच्याला मराठी टायपिंग शीक म्हणून का सांगावं?

तुम्हाला माझी अडचण ठाऊक होती. वडनेरच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. बाबांनी मला वर्ध्याला तुमच्याकडे पाठवलं ते एका अटीवर. "उन्हाळ्यापर्यंत हातात काई तरी कसब घे. नाई तर वावरात ये. भाऊ एकटा किती दिवस ओढन?" बाबा रागाने बोलले नव्हते. भाऊ समोरच बसला होता, त्याने मान खाली घातली होती आणि मला त्याच्याकडे बघवलं नव्हतं. म्हणून टायपिंग शिकायचं ठरलं. कॉलेज संभाळून कुठे तरी काम मिळालं तर कॉलेज टिकणार होतं, नाही तर नाही.

आणि शिकायचं ते एकच. स्टेशनच्या रस्त्यावरच्या पांडेजींच्या क्लासचा नियमच तसा. इंग्रजीची मशीनं खिडकीशी ओळीने, हिंदीची आतल्या भिंतीला, आणि कोपऱ्यात एकटं मराठीचं, त्याच्यावर कायम कापड. पांडेजी पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगत, "एक हाथ, एक भाषा." पुठ्ठ्याचं झाकण बोटांवर घालून, कळांकडे न बघता शिकायचं असतं. बोटांना एकदा एका मशीनची वाट पाठ झाली की दुसऱ्यावर ती चुकत जातात. नव्या माणसाने मध्येच मशीन बदललं तर दोन्हीकडून गेला. हे खरं की पांडेजींचा धंदा, मला माहीत नाही. पण सगळा क्लास ते मानत होता आणि मलाही भीती बसली. चुकीचं निवडलं तर उन्हाळा हातातून जाणार.

तेव्हा मी भेटेल त्याला विचारत सुटलो. तुम्ही हसायचे मला. "भासेबुवा मुलगी पाहून राह्यले का मशीन?" असं म्हणायचे. बाबा म्हणाले, "साहेब जे बोलते ते शिक." कॉलेजात आमचे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, इंग्रजीशिवाय तरणोपाय नाही. जामच्या फाट्यावर मी गाडी बदलतो तिथे उत्तरेकडचा एक हॉटेलवाला आहे. त्याने चहा गाळता गाळता निकाल दिला, "हिंदी सीखो बाबू, पूरे मुल्क में चलेगी." पांडेजींचंही तेच, हिंदी. आपलं राज्य नुकतंच बदललं होतं. नागपूरची राजधानी गेली, कारभार मुंबईकडे गेला. ओट्याओट्यावर लोक भांडत होते की आता कागद कोणत्या भाषेत निघतील. जो तो छातीठोक बोलायचा आणि प्रत्येकाचं ऐकून मी थोडा थोडा घाबरायचो.

तुम्ही आधी इंग्रजीच म्हणत होता, मामा. हे मी विसरलेलो नाही. मी वर्ध्याला आलो त्या पावसाळ्यात तुम्ही म्हणालात, "इंग्रजी शिक, दोन वेळचं सुटलं." मग दिवाळीच्या तोंडावर एकाएकी बोली बदलली. "मराठी शिक." मी कारण विचारलं तर सरळ उत्तर नाही. "शिक म्हटलं तर शिक ना. मामा दुश्मन हाय का तुहा?"

दुश्मन नाही. पण त्याच सुमाराला तुमच्या शालूचं लग्न वसंताशी ठरलं. वसंता मॅट्रिक झालेला, कामाच्या शोधात. रोज संध्याकाळी तो तुमच्याकडे यायचा आणि तुम्ही त्याला जेवायच्या पाटावर खडूने इंग्रजी कळा काढून बोटं शिकवायचे. मामी करवादायची, "मेले ते ए-बी-शी, पोराच्या ताटाले चिकटून राह्यले!" खरंच माझ्या ताटाच्या बुडाला तो खडू लागायचा. मी वरण-भात खाताना त्या पुसट अक्षरांकडे बघायचो आणि मनात हिशेब जुळायचा. तुमच्या कचेरीत जागा होणार अशी बोलवा होती. जागा एक. होणारा जावई इंग्रजी शिकतो आहे. भाच्याला मात्र कोपऱ्यातलं कापड घातलेलं मशीन.

आणि तुमचे ते नमस्कार! आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी वडनेरहून आलो की तुम्ही कचेरीचा कोट घातलेला असताना भर ओट्यावर वाकायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तुमच्या पायांकडे हात नेला की पाय मागे. "भाच्यानं मामाले वाकाव नाई, पाप लागते मले." पूर्वी मला त्याचा नुसता संकोच वाटायचा. दिवाळीनंतर वाटायला लागलं, पायाशी वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

शेवटचं भांडण आठवतं का? बुधवार होता. तुम्ही ओट्यावर उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. दाणे माझ्याकडे सरकवत होता, फोलपाटं आपल्याकडे. मला अजिबात बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"मामा, खरं सांगा. वसंतासाठी ना?"

"काय वसंतासाठी?"

"मला मराठीवर बसवणं."

तुमचा हात थांबला. मला वाटलं आता रागावणार. तुम्ही एक शेंग उचलली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणालात, "भासेबुवा, तुम्ही पोलीस पाटील व्हा. टायपिंग सोडा."

"उत्तर नाही दिलंत."

"मी इंग्रजी शिकलो असं कोनं सांगतलं तुले?" एवढं बोलून तुम्ही हसलात. "माही बोटं शिकली. मी कुठी शिकलो?"

"मामा, हे काही उत्तर नाही."

"खाय ना शेंगा. इतवारी सांगतो. इतवारी सुट्टी हाय, डोकं मोकळं राह्यते."

मी ते बोलणं थट्टेवारी धरलं. माणसाला अडचणीचा प्रश्न विचारला की तो थट्टा करतो, असं मला तेव्हा वाटलं. शुक्रवारी दुपारी कचेरीतला शिपाई सायकल टाकून धावत आला. छातीत कळ आली आणि तुम्ही मशीनवरच डोकं टेकलं. पान अर्धं झालं होतं, ओळ मध्येच तुटली होती.

ते पान सोमवारी पूर्ण झालं, मामा. कोणी केलं सांगू? वसंताने. साहेबांनी त्याला तात्पुरतं बोलावलं. तुमच्याच खुर्चीत बसून, तुमच्या तुटलेल्या अक्षराच्या पुढचं अक्षर त्याने मारलं. त्यानेच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. सगळ्या बायका रडल्या. मी रडलो नाही. मी वसंताच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघत होतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी भांडी घासायला आम्ही दोघेच होतो. वसंता राखेने पातेलं घासता घासता म्हणाला, "तुले बी मराठी शिक म्हणत होते ना मामा?"

"तुला बी म्हणजे?"

"मले सुरुवातीपासून तेच. मराठी शिक, मराठी शिक. डोकं उठवलंतं. मी मनात म्हणो, हे आपली खुर्ची सोडाले तयार नाईत, म्हून मले हटवून राह्यले."

"मग पाटावर इंग्रजी कळा?"

"मी अडूनच बसलो म्हून. होणाऱ्या जावयाले किती नाई म्हणतीन?" तो हसला, मग इकडे-तिकडे बघून पुन्हा पातेलं घासू लागला, दुखवट्याचं घर म्हणून.

म्हणजे तुम्ही मला बाजूला करून त्याची वाट मोकळी करत होता असं मी समजत होतो, आणि तुम्ही त्याची वाट स्वतःसाठी अडवून बसलात असं तो समजत होता. दोघे एकाच ओट्यावर तुमच्या हातची शेंग खात होतो. मला हसू आलं, पण पटकन वाटलं, हा खरं बोलतो आहे कशावरून? आता खुर्चीत बसलेल्याला असं सांगायला काय जातं? तुम्ही तर खोटं पाडायला येणार नाही.

दुसरा संशय पांडेजींवरचा. तुम्ही रोज कचेरी सुटली की क्लासमध्ये चहाला जायचे. एकदा मी रस्त्यावरून जाताना खिडकीतून पाहिलं. मुलं निघून गेली होती. कोपऱ्यातल्या त्या मराठी मशीनच्या टेबलाशी तुम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसला होता, मध्ये कसला तरी कागद. पांडेजी बोटाने ओळ दाखवत हळू आवाजात काही सांगत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "समझे?" तुम्ही मान हलवत होता. "हो, समजलं." मी तिथून तरातरा निघालो. माझी खात्री पटली की कापड घातलेल्या मशीनला विद्यार्थी मिळवून द्यायचा काही तरी बेत आहे. पांडेजींचं मशीन रिकामं, तुम्ही त्यांचे दोस्त, आणि भाचा म्हणजे आयता बकरा.

हे मी मामीला परवा बोललो. बोलायला नको होतं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कोणता बेत रे? ते कागद समजून घ्याले जात."

"कोणाचे कागद?"

"लोकाईचे. आपल्या आळीतला जो तो इंग्रजी कागद घेऊन तुह्या मामाकडे ये. कोर्टाचा, रेल्वेचा, दवाखान्याचा. एवढा मोठा इंग्रजी टायपिस्ट! ते कागद ठेवून घेत. म्हणत, उद्या सांगतो. अन संध्याकाळी पांडेजीकडून अर्थ विचारून येत." ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या मामाले इंग्रजी वाचता ये. समजत नव्हतं."

मला हे खरं वाटेना. बायको नवऱ्याची बाजू राखणारच, तीही तेरवीच्या आठवड्यात. मी क्लासमध्ये गेलो आणि पांडेजींना आडून विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "गनपतराव हमारे दोस्त थे." बस, एवढंच. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोस्ताचं गुपित राखणारा माणूस असाच बोलेल. आणि ज्याला आपलं रिकामं मशीन चालू करायचं आहे तोही असाच बोलेल.

म्हणून मी दुसऱ्या कोणाचं काही न धरता माझ्या स्वतःच्या आठवणीत शोधायला बसलो. तिथे कोणी माझी समजूत काढणार नव्हतं.

एक गोष्ट सापडली. मी वर्ध्याला आलो तेव्हा कॉलेजकडून पहिला कागद आला होता, छापील, इंग्रजीत. मला धड कळेना. मी तो तुमच्यासमोर धरला. "मामा, यात काय लिहिलंय?" तुम्ही तो घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली. "कागद खराब झाला. थांब, साफ नक्कल करून देतो." दुसऱ्या दिवशी कचेरीतून त्याची टाइप केलेली नक्कल आणलीत. काय सुरेख नक्कल! दोन ओळींमध्ये एकसारखं अंतर, कडेची रेघ जशी सुतात ओढलेली. मी विचारलं, पण लिहिलंय काय? "सांगतो ना, घाई काय?" आणि संध्याकाळी क्लासवरून आल्यावर तुम्ही मला सगळं समजावून सांगितलंत, एकेक कलम. मला तेव्हा वाटलं होतं, मामा मोठे माणूस आहेत, मोठ्या माणसांचं काम वेळ घेतं.

ज्याला कागदाचा अर्थ विचारला आणि ज्याने त्या कागदाची नक्कल करून दिली, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्हाला तेवढंच करता येत होतं, मामा, आणि तेवढं तुम्ही जीव ओतून केलंत. ती नक्कल माझ्या पेटीत आहे. रात्रभर पावसात भिजल्यासारखं झालं मला हे आठवून.

पण मी लगेच विरघळणार नाही. तुम्ही मला ओळखता. मी म्हटलं, ठीक, तुम्हाला समजत नव्हतं. मला तर समजतं. मी कॉलेजात आहे. तुमचं दुखणं मला कशाला लावता? हा प्रश्न मी इतवारी तुम्हाला विचारला असता आणि मला वाटतं, तुम्ही हरला असता.

मग दुसरी गोष्ट आठवली. ती मला आठवायला नको होती.

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. मी ओट्यावर मोठ्याने पाठ करत होतो. इतिहासाचं इंग्रजी टिपण होतं, प्राध्यापकांनी सांगितलेलं, शब्दाला शब्द. तुम्ही कचेरीतून येऊन पायऱ्यांवर बसलात. बराच वेळ ऐकलंत. मी संपवलं तेव्हा कौतुकाने म्हणालात, "खडाखड येते तुले. सांग ना, काय हाय त्यात?"

मी पुन्हा तेच म्हणून दाखवलं.

"ते आयकलं. म्हणजे काय?"

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. घोकलेलं होतं, तेवढंच येत होतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. एरवी तुम्ही अशा जागी टोमणा सोडला नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र उठून आत गेलात, हातपाय धुतलेत. जेवताना म्हणालात, "मराठी शिक."

मी आता हे दोन्ही दिवस एकमेकांशेजारी ठेवून पाहतो. त्याच आठवड्यात शालूचं ठरलं. त्याच आठवड्यात तुम्ही पायऱ्यांवर बसून मला ऐकलंत. तुमचं मन यातल्या कोणत्या दिवशी बदललं, हे आता कोण सांगणार? तुमच्या मनात माझी काळजी होती की तुमच्या मुलीची? दोन्ही असेल का? माणसाच्या मनात दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मी गेल्या काही दिवसांत स्वतःवरूनच शिकलो आहे. मला तुमची फार आठवण येते आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

एवढं मात्र दिसलं. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या प्रत्येकाने स्वतःला जे येतं तेच मला शिकायला सांगितलं. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी इंग्रजी, हिंदीवाल्याने हिंदी. बाबांना काहीच येत नाही, त्यांनी साहेबाला येतं ते सांगितलं. स्वतःला जे येत होतं ते नको म्हणणारे तुम्ही एकटेच. मी याचाच संशय घेतला. अजूनही थोडा घेतो. ज्या विहिरीचं पाणी माणूस जन्मभर प्यायला, तिच्याकडे भाच्याला जाऊ देत नाही, तेव्हा एक तर त्याला पाणी राखायचं असतं, नाही तर त्याला पाण्याची चव माहीत असते.

बाबा तेरवीला आले होते तेव्हा परत जाताना म्हणाले, "आता मामा नाई. इंग्रजी शिक, साहेबाले मी हात जोडतो. वसंताच्या मागं तुही बी सोय लागन." मी म्हटलं, बाबा, मला विचार करू द्या. बाबा म्हणाले, "काऊन? मामा काय सांगून गेला?" तुम्ही काय सांगून गेलात हेच तर मला माहीत नाही. बाबा मोटारस्टँडपर्यंत माझ्याकडे न बघता चालले. मोटारीत चढताना एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत. ध्यानात ठेवजो."

मराठीचं काम वर्ध्यात कोणी देईल की नाही, मला ठाऊक नाही. नव्या राज्यात मराठी कागद निघतील असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. माझा हिशेब चुकला तर उन्हाळ्यात मी भावाच्या मागे नांगराशी उभा असेन आणि तुम्हाला शिव्या देईन. हे मी आधीच सांगून ठेवतो.

काल मी क्लासमध्ये गेलो. पांडेजींनी विचारलं, "तो फिर? कौन-सी?" खिडकीशी इंग्रजीवर मुलांची खडखड चालली होती. मी कोपऱ्याकडे बोट केलं. पांडेजींनी कापड काढलं, घडी केली, मशीनवरची धूळ फुंकली आणि हळदकुंकवाची दोन बोटं लावून बाजूला झाले. पहिल्या दिवशी मशीनला नमस्कार करूनच बसायचं, हा त्यांच्या क्लासचा दुसरा नियम.

मी वाकलो. कपाळ गार लोखंडाला लागलं. मामा, तुम्ही जन्मभर मला तुमच्या पायाशी येऊ दिलं नाही. सरणाकडे नेताना मी पायांना हात लावायला पुढे झालो, तेव्हाही कोणी तरी दंडाला धरून मागे ओढलं, "भाचा हायेस तू." तो नमस्कार माझ्याकडे तसाच राहिला होता. मी तो तिथे केला. जरा जास्तच वेळ वाकलो असेन. मग डोकं उचललं आणि आधी पांडेजींकडे पाहिलं, हसतात की काय. ते खिडकीबाहेर बघत होते. चष्मा हातात होता.

मी बोटं ठेवली. पांडेजींनी वरून पुठ्ठ्याचं झाकण घातलं. पहिल्या धड्यात शब्द नसतात. तीच चार-पाच अक्षरं, पुन्हा पुन्हा, ओळ भरेपर्यंत. वाकडीतिकडी एक ओळ कशीबशी झाली. पांडेजी माझ्या खांद्यावरून वाकले, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "समझे?"

सवयीने विचारलं असेल. त्या टेबलाशी ते रोज संध्याकाळी हेच विचारत आले आणि तुम्ही रोज मान हलवून हो म्हणत आलात. माझीही मान हलायला लागली होती. मी ती थांबवली.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही समजलं."

पांडेजींनी शेजारचं स्टूल ओढलं, तुमचंच असावं ते, आणि म्हणाले, "अच्छा. फिर से."